बिनदुधाचा सूड

समजा, तुम्हाला केक करायचा आहे. अंडं घालायचं नाही. इथवर ठीक, पुष्कळ घरांत घालतच नाहीत. आता दूध बाजूला ठेवा. दही, लोणी, साय, तूप, सगळं बाजूला. मधसुद्धा. ओट्यावर काय उरलं बघा: मैदा, साखर, कोको, तेल, चिमूटभर सोडा. एवढ्यावर तो फुगला पाहिजे, मऊ झाला पाहिजे, आणि नेपियर टाउनमधल्या एका बाईने तो सगळ्यांदेखत खाऊन गप्प बसलं पाहिजे.

अंजनीला खरं हवं होतं ते हे शेवटचं.

अंजनी अठ्ठेचाळीस वर्षांची. एका संरक्षण कारखान्यात ती मापं तपासते. केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्शाने चुकलेला तुकडाही तिच्या टेबलावरून पुढे जात नाही. महाराजपुरात ती आणि तिचा नवरा नीलकंठ असे दोघंच राहतात. घरातले सगळे सण होतात ते नेपियर टाउनला, थोरल्या जाऊबाईंकडे, म्हणजे प्रतिमाताईंकडे.

सतरा वर्षांपूर्वीच्या दिवाळीत तिथेच अंजनीच्या करंज्या कढईत फुटल्या. एकदोन नाही, अकरा. प्रतिमाताईंनी झारा वर धरून घरभर दाखवला. "डिफेन्सचा माल आहे बाबा, फुटणारच! आमच्या अंजनीला मोजता येते, रांधता नाही येत."

वीस माणसं हसली. तेव्हापासून सणाला अंजनीच्या वाट्याला एकच काम आलं, कोशिंबिरीची काकडी चोचवणे. सतरा वर्षं तिने काकडी चोचवली, आणि दर सणाला तिची सुरी पाटावर गरजेपेक्षा जास्त वाजली.

मग प्रतिमाताईंच्या घरी सून आली. त्यांच्या मुलाची, यशोधनची बायको, अवंतिका. मुलगी गोड, पण दुधाचा थेंब चालत नाही. वीगन. प्रतिमाताईंच्या स्वयंपाकघरात तुपाची बरणी गॅसशेजारून कधी हलली नव्हती. सणाला ती पोर कोरडा भात आणि बटाट्याची भाजी खाऊन उठायची. तिचा वाढदिवस पाच आठवड्यांवर आला तेव्हा अंजनीने फोन केला.

"ताई, केक मी आणते. वीगन."

"तू?"

"मी."

"अच्छा," प्रतिमाताई म्हणाल्या. "मग काकडी कोण चोचवणार?"

त्या दिवसापासून पाच आठवडे अंजनीने केकचा पिच्छा पुरवला. पहिल्या खेपेला सवयीने तिने पीठ अर्धा तास मुरू दिलं, भज्यांचं ठेवतो तसं. सोड्याचा सगळा वायू निघून गेला आणि डब्यातून वीट निघाली. नीलकंठने ती हातात तोलून पाहिली.

"काहून गं, हे खायचं की दार अडवायला ठेवायचं?"

"तुम्ही बोलू नका. तेव्हा करंज्यांना तुम्हीपण हसला होता."

नीलकंठने वीट ओट्यावर ठेवून दिली. पुढच्या खेपेला अंड्याऐवजी घातलेली अळशी जास्त पडली, सुरी चिकटून बसली. तिसरा वरून काळा, आत कच्चा. तेव्हा मात्र तिने ओव्हनमध्ये थर्मामीटर ठेवला. बटण एकशे ऐंशी दाखवत होतं, आत होते दोनशे पाच. चोर सापडला की कारखान्यात तिला जो आनंद होतो, तोच तिला झाला. सोया दुधात व्हिनेगर घालून ते फाटू द्यायचं, कोरडं आणि ओलं शेवटच्या क्षणी एकत्र करायचं, आणि पीठ ओतल्याबरोबर डबा आत. सातवा केक सहा सेंटिमीटर फुगला; तिने पट्टी लावून मोजला. स्कूटरवर कामाला जाताना ती एक वाक्य घोकायची: मोजून केलाय ताई, म्हणून जमला. कुठे थांबायचं, कोणाकडे बघायचं, सगळं ठरलं होतं.

वाढदिवसाच्या सकाळी प्रतिमाताईंचा फोन आला. "अगं, माझ्याकडल्या फुलवाती संपल्या. औक्षणाला चार वाती तुपात भिजवून आण."

अंजनीने तूप पातळ केलं, वाती भिजवल्या, वाटी ओट्यावर ठेवली आणि केकला लागली.

संध्याकाळी डबा मांडीवर धरून ती रिक्षातून नेपियर टाउनला पोचली. खड्डा आला की ती डबा वर उचलून धरायची. औक्षण झालं. केक कापला. सुनेला पहिला घास सासूने भरवायचा म्हणून प्रतिमाताईंनी तुकडा उचलला. अंजनी वाक्य ओठांवर घेऊन उभी होती.

तुकडा अवंतिकाच्या तोंडाशी गेला आणि थांबला. प्रतिमाताईंनी तो परत घेतला, उलटा केला, नाकाशी नेला.

"थांब गं. तळ करपला आहे. कडू लागेल तुला."

"करपलेला नाही ताई!"

"मला वास येऊन राहिला ना."

"आई, मी खाते ना, काकूंनी एवढ्या प्रेमाने..." अवंतिका म्हणाली.

"राहू दे म्हटलं ना!" त्यांनी सगळा केक डब्यात सरकवून झाकण लावलं.

"चलो, काकूच्या फॅक्टरीचा माल रिजेक्ट!" यशोधन म्हणाला, आणि सगळे हसले. सतरा वर्षांपूर्वी हसले होते तसेच.

अंजनी जेवली नाही. घरी येऊन तिने ओट्यावर डबा उघडला, केक उलटा केला. तळ एकसारखा, खरपूस, कुठे काळा ठिपका नाही. "बघा!" ती नीलकंठवर ओरडली. "सगळ्यांसमोर धडधडीत खोटं बोलल्या! आज सोडत नाही मी त्यांना." तिने फोन लावला. रिंग जात होती तेवढ्यात पुरावा म्हणून तिने तळाचा एक तुकडा मोडून तोंडात टाकला.

आणि फोन कापला.

तूप होतं ते. कडेला खमंग, अगदी घरच्या लोण्याचं. तिने ओट्याकडे पाहिलं. वाती नेल्या होत्या, पण त्यांची वाटी सकाळपासून तिथेच होती. तूप थिजलं होतं आणि वाटीच्या कडेवरून चार बोटांचे ओघळ खाली आले होते. चार वाती भिजवायला चार बोटं कोण बुडवतं? ओव्हन तापला होता, पीठ थांबवायचं नव्हतं, आणि डब्याला आतून तेलाचा हात लावताना बोटं तेलाकडे न जाता या वाटीत गेली होती. सातही खेपांना जपलं, आणि आज. त्या पोरीला ती स्वतःच्या हाताने तूप खाऊ घालणार होती, वर ते वाक्यही ऐकवणार होती.

फोन वाजला. प्रतिमाताई.

"फोन केला होतास?"

"हो. पोचलो, सांगायला."

"बरं. अवंतिका रुसली माझ्यावर. पुढच्या रविवारी करून आणशील?"

"आणीन."

"डब्याला तेल लाव हं या वेळी," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

म्हणजे तुपाचा वास त्यांना तेव्हाच कळला होता. तिथेच, वीस माणसांत, एका शब्दात त्या अंजनीला कायमची संपवू शकत होत्या. अंजनी खुर्चीवर बसली. शिव्या देता येईनात म्हणून तिला जास्तच राग आला. सतरा वर्षं जपलेला दावा असा कसा टाकून द्यायचा?

"काय म्हणाल्या वहिनी?" नीलकंठने विचारलं.

तिच्या डोक्यात एकच घोळत होतं. प्रतिमाताईंनी आज आपल्याला वाचवलं, की दिवाळीला वीस माणसांत सांगायला ठेवून दिलं?