त्रेचाळीस फ्लॉप्या आणि सुधाकरचा सीडी रायटर

किस्से साठवायला डिस्क लागत नाही. तीन कॉम्प्युटरवाले एका गल्लीत राहायला आले की ते आपोआप साठतात! नव्वदचं दशक सरत आलेलं, सांगलीची विश्रामबाग आणि आम्ही तिघं: मी, जाधव आणि सुधाकर. सुधाकरवर मी जळायचो, हे आधीच सांगून टाकतो.

माझ्या कॉम्प्युटरवर आईच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या होत्या. आई गेलेली. मूळ कॅसेटवर मेव्हण्याने आपल्या लग्नाची मंगलाष्टकं टेप केलेली! म्हणून मी ओव्यांचे तुकडे करून त्रेचाळीस फ्लॉप्या भरल्या आणि मोठ्या ऐटीत सुधाकरला दाखवायला नेल्या. बघतो तर त्याच्या टेबलावर नवाकोरा सीडी रायटर!

"एवढं सगळं एका सीडीत बसतंय रं. आण, करून देतो."

"नको. आमच्या फ्लॉप्याच बऱ्या हायत!"

* * *

सीडी लिहायला पाऊण तास लागायचा. मध्ये जरा धक्का बसला की सीडी बाद, म्हणून तेवढा वेळ सुधाकरच्या घरात मिक्सर बंद, चालणंसुद्धा बंद. एकदा लोणंदहून आलेले त्याचे मामा दारातच ताटकळले.

"आवं, आत बाळंतीण हाय का काय?" मामांनी विचारलं.

एवढ्यात लाइट गेली आणि सीडी वाया गेली. मला झालेला आनंद लपवता लपवता पुरेवाट झाली!

* * *

जाधवने कुठंतरी वाचलं, बॅकअप दुसऱ्या गावात ठेवावा. त्याने तो साताऱ्याला सासुरवाडीत ठेवला, कपाटात, डांबराच्या गोळ्यांसकट. दर महिन्याला नवा बॅकअप घेऊन स्वारी साताऱ्याला. तिथं कोंबडी, वर आंघोळीला गरम पाणी.

"डेटा लय जपाय लागतोय गड्या," तो ढेकर देत म्हणायचा. माझी सासुरवाडी मात्र चार घरं सोडून!

* * *

खंडेनवमीला सुधाकरच्या आईने हत्यारांबरोबर सीड्याही पुजल्या. हळद-कुंकू वाहिलं, तेही नेमकं चकचकीत बाजूला! मी मनात म्हटलं, आता बसला बोंबलत. पठ्ठ्याने सीड्या नळाखाली धुतल्या, धोतराच्या फडक्याने पुसल्या आणि सगळ्या चालल्या. माझं तोंड पडलं.

* * *

मग एके दिवशी माझी हार्ड डिस्क बसली. फ्लॉप्या काढल्या. अडतीस नीट गेल्या, एकोणचाळिसावी वाचेना. मधली एक अडली की पुढचं सगळं अडलं. दोन दिवस मला जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी मान खाली घालून सुधाकरकडे गेलो.

"काय करता येतंय का बघ की रं," मी म्हणालो.

त्याने ड्रॉवरमधून एक सीडी काढली आणि लावली. आईचा आवाज सुरू झाला. मी तिथेच ढसाढसा रडलो.

"ही तुझ्याकडं कवा आली?" शेवटी मी विचारलं.

सुधाकरने सीडीचं रिकामं कव्हर तेवढं माझ्यापुढे सरकवलं. त्यावर माझ्या बायकोच्या अक्षरात लिहिलं होतं: "भावजी, ह्यांना सांगू नका."