पंधरा मिनिटं नुसतं उभं

अमेरिकेतल्या बॉथेलच्या कम्युनिटी सेंटरमध्ये शनिवारी सकाळी मी 'ताई ची' या चिनी व्यायामाच्या क्लासला जाते. सुरुवातीची पंधरा मिनिटं नुसतं उभं राहायचं असतं. गुडघे किंचित वाकवायचे आणि मोठा माठ कवेत धरल्यासारखे दोन्ही हात छातीसमोर गोल धरायचे. बघणाऱ्याला सोपं वाटतं, पण चौथ्या मिनिटाला मांड्या थरथरायला लागतात. तरी मला तो भाग आवडायचा, कारण तेवढा वेळ कुणी कुणाशी बोलत नाही.

आमच्या वरच्या मजल्यावर नागपूरच्या एक काकू मुलाकडे राहायला आल्या होत्या. त्यांची सून म्हणाली, "तू जातेसच ना, आईंनाही ने यार. घरात बोअर होतात. फक्त टीचर इंग्लिशमध्ये काय सांगते, ते त्यांना सांगत जा."

शिकवणाऱ्या बाई चिनी, सत्तरीच्या. पहिल्याच दिवशी काकूंच्या चालण्याकडे बघून त्या मला म्हणाल्या, "गुडघा दुखला तर सरळ उभं राहायचं, खुर्चीत बसलं तरी चालेल. सहन करायचं नाही. सांग त्यांना."

मी मान डोलावली. पण तोवर सगळे जागेवर उभे राहिले होते आणि हॉल शांत झाला होता. इथल्या शाळेत असल्यापासून मला चारचौघांत मराठी बोलताना आवाज खाली घ्यायची सवय आहे. आणि त्या शांत हॉलमध्ये तर सगळ्यांना ऐकू गेलं असतं. "मी करते तसं करा," एवढंच मी पुटपुटले.

अर्धा वेळ झाला असेल. शेजारून काकू म्हणाल्या, "अगं, गुडघा भारी दुखून राहिला. सरळ होऊ का?"

त्यांना कुजबुजता येत नव्हतं. दोन-तीन जणांनी डोळे उघडून आमच्याकडे पाहिलं. माझे कान तापले.

"श्श, काकू. नंतर."

समोरच्या आरशात त्या मला दिसत होत्या. ओठ घट्ट मिटलेले, टिकलीभोवती घाम. त्या हलल्या नाहीत. आणि मी तेव्हाही कोण बघतंय तेच बघत होते.

वेळ संपल्यावर त्यांना पाऊल टाकता येईना. त्यांनी भिंत धरली. बाई धावत आल्या. "तू सांगितलं होतंस ना?"

"हो," मी इंग्रजीत म्हटलं. "पण त्या ऐकत नाहीत."

हे दुसरं वाक्य मला कुणी मागितलं नव्हतं. लोक हसले. सगळे हसताहेत म्हणून काकूही हसल्या.

गाडीत त्यांनी विचारलं, "काय म्हणाल्या गं त्या बाई?"

"म्हणाल्या, पहिल्याच दिवशी छान उभ्या राहिलात."

"पाहा! आता सांगते घरी."

बुधवारी सुनेचा फोन आला. "आई रोज किचनमध्ये तशाच उभ्या राहतात, पंधरा मिनिटं. गुडघा सुजलाय, तरी ऐकत नाहीत. टीचरनं कौतुक केलं म्हणे!"

फोन ठेवून मी वर गेले. काकू सोफ्यावर होत्या, गुडघ्यावर फ्रोझन मटारची पिशवी. मी सगळं सांगितलं. मध्येच मराठी शब्द सुचेनात, तिथे इंग्रजी बोलले, मग तेच पुन्हा मराठीत सांगितलं.

त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. "म्हणजे सरळ झाले असते तरी चाललं असतं?"

"हो."

"आणि ते लोक हसले, ते?"

तेही सांगितलं.

त्यांनी मटारची पिशवी जराशी सरकवली. "पुढच्या वेळी सुनेलाच नेईन सोबत. तुला कशाला त्रास?" आवाजात राग नव्हता. मग म्हणाल्या, "चहा घेशील?" आणि सोफ्याच्या हाताला धरून उठायला लागल्या.

"तुम्ही बसा, मी करते," म्हणत मी किचनमध्ये गेले. चहापत्ती गॅसजवळच सापडली, साखर दिसेना. दोन डबे उघडून पाहिले. काकू बाहेर दहा पावलांवर होत्या, पण त्यांना हाक मारून विचारायचं धाडस झालं नाही. मी बिनसाखरेचाच चहा गाळला आणि त्यांच्यासमोर नेऊन ठेवला. त्यांनी एक घोट घेतला, कपात पाहिलं आणि उरलेला चहाही तसाच संपवला.