न दाखवता विचारलेला प्रश्न

माझी सून घरात बसून जे काम करते ते नेमके काय आहे, हे मला पहिल्या प्रयत्नात समजले नाही. दुसऱ्या प्रयत्नातही समजले असे म्हणवत नाही. मी बाभुळगावच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालो. कोणताही पाठ व्याख्येपासून सुरू करण्याची सवय अजून गेलेली नाही, म्हणून मी तिला व्याख्या विचारली.

तिने सांगितले ते असे. जपानमध्ये रेखाटलेल्या चित्रांच्या मालिका तयार होतात, त्यांना अ‍ॅनिमे म्हणतात. पूर्वी नवा भाग आधी जपानात दिसे आणि इतर देशांत फार उशिरा पोहोचे. मधल्या काळात उतावीळ चाहते त्याची नक्कल मिळवत, स्वतःच भाषांतर करत आणि फुकट वाटत. ही चोरी थांबवायची तर चोराला सवडच मिळता कामा नये. म्हणून आता जपानात भाग दिसतो त्याच घटकेला तो इंटरनेटवरून जगभर, ज्याच्या त्याच्या भाषेत चित्राखाली दिसणाऱ्या ओळींसह सोडतात. हिंदीच्या ओळी लिहिण्याचे काम सुनेकडे होते.

इथवर ठीक. पण ‘त्याच घटकेला’ म्हणजे कोणत्या? जपानात रात्र बरीच झालेली असते, आपल्याकडे शनिवारची दिवेलागण असते आणि अमेरिकेच्या काही भागांत शनिवार नुकता उजाडत असतो. रेखावृत्ते मी आयुष्यभर शिकवली. तरी ही सगळी माणसे एकाच वेळी एकच गोष्ट पाहत आहेत हे मनात बसेना. त्याहून अवघड पुढचे होते. सगळ्यांना एकाच वेळी दाखवायचे तर ओळी आधी तयार हव्यात, आणि ओळी आधी हव्यात तर भाग आधी यायला हवा.

“म्हणजे जगाच्या आधी तो बाभुळगावात येतो?” मी विचारले.

“येते ना मामाजी. पण बाभुळगावाले दिसत नाही,” ती म्हणाली. आमच्याकडे सून सासऱ्याला मामाजी आणि सासूला आत्याबाई म्हणते.

काम सुरू असताना मागच्या खोलीचे दार बंद असे. भागातले काहीही कोणाला दाखवायचे नाही आणि सांगायचे नाही, असे तिने लिहून दिले होते. तुरीची पोती त्याच खोलीत असल्यामुळे माझ्या पत्नीची अडचण होई. ती दाराबाहेरून म्हणे, “माह्याच घरात मले डाळीसाठी परवानगी घ्या लागते. चित्रच हायेत ना व, सोनं तं नाही?”

सुनेचा हा पहिलाच हंगाम होता. मालिकाही हंगामाने येतात असे तिने सांगितले, तेव्हा पत्नीने कोणत्या पिकाच्या, असे विचारले होते. ही मालिका तिला पारखण्यासाठी दिलेली होती. काम पसंत पडले तर पुढेही मिळणार होते. नाही पडले तर नागपूरला मिळू शकणारी नोकरी धरायची आणि तिथे एकटीने राहायचे, असे तिचे आणि मुलाचे ठरले होते. मुलगा यवतमाळला नोकरीसाठी जाऊन-येऊन करतो. दोघांनाही तसे राहायचे नव्हते.

एका दुपारी आम्ही ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत होतो. सून दार उघडून बाहेर आली आणि उभ्यानेच म्हणाली, “मामाजी, एक विचारू? कायचं हाये ते विचारू नका फक्त.”

“विचार.”

“एक पोरगी हाये. समोरून एक म्हातारा माणूस येते. त्याले पाहून ते डोक्यावर कापड घेते, खाली पाहते आन् बाजूले सरते. संगची मैत्रीण विचारते, कोण हाये? तं ते म्हणते, घरचा माणूस हाये. तं तो तिचा कोण?”

“सासरा,” पत्नी म्हणाली. तिने शेंगेवरून नजरही उचलली नाही. “दुसरा कोण?”

मी म्हटले, पुरावा अपुरा आहे. मुलीचे लग्न झाले आहे काय? दोघे एका घरात राहतात काय? चेहऱ्यात साम्य आहे काय?

“लग्नाचं अजून दाखवलं नाही. बाकीचं सांगता येत नाही.”

“सांगता येत नाही तं विचारून कायले राह्यली?” पत्नीने हसून विचारले.

मूळ ओळ होती तशी, ‘घर के हैं’ एवढेच लिहायचे सुनेच्या मनात होते. पण ते तिला अर्धवट वाटत होते, आणि खरे सांगायचे तर आम्हालाही वाटले. आमच्याकडे घरचा माणूस असे म्हणून कोणी थांबत नाही. लगेच कोणाचा कोण हे यावेच लागते. मुंबईच्या कार्यालयात तिचे काम तपासणाऱ्या बाईंना तिने विचारून पाहिले होते. पुढे काय होणार हे त्यांनाही ठाऊक नव्हते, कारण पुढचा भाग त्यांच्याकडेही आलेला नव्हता. आणि शनिवार काही थांबणार नव्हता. डोक्यावर कापड घेण्याचा अर्थ पत्नीच्या म्हणण्यापेक्षा वेगळा असू शकेल, असे माझ्याही मनात आले नाही. ओळ गेली: ‘मेरे ससुरजी हैं।’

पुढच्या आठवड्यातला भाग आला त्या दिवशी खोलीचे दार धाडकन उघडले. सून बाहेर येऊन ओसरीच्या खांबाला टेकली.

“तो तिचा बाप हाये,” ती म्हणाली.

“बापाले पाहून कोण डोक्यावर कापड घेते व?” पत्नीने विचारले.

“घरातून पळून आली होती, आत्याबाई. त्यानं वळखू नाही म्हणून तोंड लपवत होती.”

एवढे बोलल्यावर तिचा हात तोंडावर गेला. जगाला शनिवारी कळायचे ते आम्हाला बुधवारीच कळले होते. बाभुळगावात ज्याची कोणालाही गरज नव्हती असे एक गुपित आम्ही शनिवारपर्यंत सांभाळले. पत्नी तर शेजारणीशी भाजीचा भाव बोलतानाही जपून बोलत होती.

शनिवारनंतर हिंदी प्रेक्षकांच्या प्रतिक्रिया सुनेने मला वाचून दाखवल्या. आठवडाभर त्यांच्यात वाद चालला होता, की हिचे लग्न झाले केव्हा आणि कोणाशी. एकाने तर नवरा कोण असावा हेही युक्तिवादाने सिद्ध केले होते. इतर भाषांतले लोक त्या मुलीसाठी हळहळत होते. आमच्या ओळी वाचणारे लोक अजून तिचा नवरा शोधत होते. एकाच वेळी सगळ्यांनी एकच गोष्ट पाहिली, असे आता म्हणायचे की नाही, हे मला ठरवता आले नाही.

रविवारी मुंबईच्या बाईंचा फोन येणार होता. त्याआधी सून माझ्याजवळ येऊन बसली. “ससुरजी कुठून आलं, असं विचारतीन. माह्या मनानं लिहिलं म्हणू, का घरी विचारलं म्हणू?”

मी दोन्ही बाजू मांडू लागलो. मनाने लिहिले म्हटले तर ती बेफिकीर ठरते. घरी विचारले म्हटले तर तिने नियम मोडला असे होते. पण मोडला काय? पहिल्या वेळी तिने मुलीचे नाव सांगितले नव्हते, चित्र दाखवले नव्हते. एक मुलगी, एक म्हातारा, एक कापड. एवढ्याला गोष्ट म्हणायचे काय? आणि बुधवारी तोंडून निघाले ते कशात धरायचे? मी बोलत राहिलो आणि निष्कर्ष काही येईना.

“जे झालं ते सांग,” पत्नी आतून म्हणाली. “मी सासरा म्हटलं म्हणून सांग. मले कोणाची नोकरी नाही करा लागत.”

सून अंगणात जाऊन बोलली. तिने सगळे सांगितले, बुधवारचेही. ती नंतर म्हणाली, की ऐकून झाल्यावर बाईंनी विचारले, “दाखवलं काही नाही ना?” नाही म्हटल्यावर त्यांनी ती ओळ लगेच बदलायला लावली. जगभर गेलेली ओळ दुरुस्त करता येते, हेही मला त्या दिवशीच कळले. आता तिथे ‘घर के हैं’ आहे. ज्यांनी आधी पाहिले त्यांनी मात्र ‘ससुरजी’च वाचले होते.

संध्याकाळी निरोप आला. पुढच्या हंगामाचे काम तिला मिळाले होते. अट एकच: शंका आली तर फक्त कार्यालयाला विचारायची, घरात कोणालाही नाही.

“पण कार्यालयाला तरी ठाऊक असते काय?” मी विचारले.

“नसते, मामाजी. मंग आपल्या मनानंच लिहा लागते.”

नव्या मालिकेच्या पहिल्याच आठवड्यात ती खोलीबाहेर आली, माठातले पाणी प्यायली आणि पेला हातात धरून उभी राहिली. काहीतरी अडले आहे हे आम्हा दोघांनाही दिसत होते.

“विचारत काहून नाही व?” पत्नी म्हणाली.

“विचारता येत नाही, आत्याबाई.”

“नको विचारू. मी आपली बोलतो, तू ऐक. म्हातारी असन तं सासू नसन म्हणा, आत्या असन. पोरगा असन तं...”

सून हसत पुन्हा आत गेली आणि दार लावून घेतले. पत्नी दाराकडे तोंड करून नातेवाईक सांगतच राहिली. म्हातारी असेल की नाही, पोरगा असेल की नाही, हे आम्हा दोघांपैकी कोणालाच ठाऊक नव्हते.