पिठाचे डोळे

यंदाच्या श्रावणापर्यंत मी पुरता थकून गेलो होतो. कामाचा थकवा म्हणावा, तर काम वर्षानुवर्षं तेच. पांडेसऱ्याच्या एका प्रिंटिंग मिलमध्ये मी साड्यांची डिझाइनं काढतो. दिवसभर पडद्यावर मोर, वेली आणि पुन्हा मोर. माझी स्वतःची चित्रं लिंबायतच्या आमच्या खोलीत होतात, मागावरून उतरलेल्या कोऱ्या कापडावर. नवं कापड अंथरलं की ब्रश उचलण्याआधी मी बराच वेळ त्यावर नुसता हात ठेवून बसायचो. त्याचा पोत, त्यातल्या गाठी, तुटून पुन्हा जोडलेले धागे बोटांना कळू द्यायचे, मग रंग. बायको म्हणायची, "ताप बघताय की काय त्याचा?" पण माझी पूजा म्हणाल तर तेवढीच होती.

मग काचबिंदूने आईची नजर गेली. हळूहळू गेली आणि परत येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. माझं प्रत्येक चित्र आधी आई बघायची आणि बहुतेक वेळा "लाल जास्ती हुई ग्या" म्हणायची. आता तेही कोणी म्हणेना. कापडावर हात ठेवला की मनात यायचं, हे कोणासाठी? देवावर राग होता असंही नाही, रागवायलाही अंगात जोर लागतो. शेवटी कापडाची घडी करून मी ती माळ्यावर टाकून दिली.

नागपंचमीनंतरच्या रविवारी आम्हा खानदेशी घरांत कानबाई बसते. आमची कानबाई म्हणजे पिढ्यांपासून जपलेला एक नारळ. त्याला चांदीचे डोळे आणि नथ लावायची, साडी नेसवायची, की देवी घरात आली. हे डोळे आईच्या सासूकडून आलेले, आणि मेणाने ते बसवण्याचा मान आईचा. यंदा तिने साफ नकार दिला. "माले दिखत नही. मी डोया कशा बठाडू? यंदा ऱ्हाऊ द्या."

आई एकेक गोष्ट सोडून देत चालली होती. आधी स्वयंपाक सोडला, मग ओट्यावर बसणं, मग शेजारणींशी बोलणं. कानबाईही सुटली तर आईच आम्हाला उरणार नाही, अशी मला भीती वाटली. मी हट्ट धरला, "तू नुसती शेजारी बस, डोळे मी लावतो." ती हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. शनिवारी कामावरून येताना मी सराफाकडे उजळायला दिलेले डोळे घेतले आणि शेअर रिक्षात बसलो. बसल्या बसल्या डोळा लागला. घरी येऊन पाहतो तर पिशवी रिक्षातच राहिलेली.

रविवारी सकाळी आईला सांगणं भाग होतं. सांगितलं. बायको परातीत रोटाचं पीठ मळत होती. आईने त्या आवाजाकडे मान वळवली. "रोटनं पीठ लई ये मनाकडे. थोडंसंच."

रोट हा कानबाईचा नैवेद्य. तो भाऊबंदांनीच खायचा, बाहेरच्याला द्यायचा नाही, असा आमच्याकडचा नेम. बायको चाचरली, "आई, रोटाचं पीठ दुसऱ्या कामाला कसं घ्यायचं?"

"दुसरं काम कोणतं? कानबाई काय बाहेरनी शे?" आई म्हणाली. मग मला म्हणाली, "आठे बठ. डोया मिट."

तिची बोटं माझ्या पापण्यांवर फिरू लागली. कडा, कोपरे, खालची सूज, सगळं ती सावकाश चाचपत होती. मग पिठाला हात, पुन्हा माझ्या डोळ्यांना हात. कापडावर मी जसा हात ठेवायचो, अगदी तसाच. ही सवय मला कुठून आली ते तेव्हा कळलं, आणि मला रडू फुटलं.

"रडू नको रे," ती म्हणाली, "आकार बदली जास."

कानबाई बसली. कणकेचे डोळे, जडावलेल्या पापण्या, अर्धवट मिटलेली नजर. संध्याकाळी आरती चालू असताना दारात एक अनोळखी माणूस येऊन उभा राहिला. कालचा रिक्षावाला, हातात माझी पिशवी. "भैया, गली याद नहीं आ रही थी। सुबह से पूछ रहा हूँ।" आख्खा रविवार त्याने त्यातच घालवला होता. त्याने देवीला हात जोडले आणि हळूच म्हणाला, "माताजी थकी हुई लग रही हैं।"

"दिनभर घरोघर फिरस ती," आई म्हणाली, "थकाव नही का?" आणि त्या परक्या माणसाला तिने स्वतःच्या हाताने रोट दिला. बायको माझ्याकडे बघतच राहिली. मी चांदीचे डोळे पुढे केले तर आईने ते माझ्याच मुठीत मिटवले. "आते ह्याच ऱ्हाऊ दे."

सोमवारी तापीवर देवीला न्हाऊ घातलं. पीठ विरघळून पाण्यात गेलं आणि कोरा नारळ आईच्या मांडीवर घरी परतला. ती रिक्षात त्यावरून बोटं फिरवत होती. मी म्हणालो, "डोळे गेले, आई."

"कोठे जातीन? तुनाच व्हतात, तुनाजोडेच शेतस."

पिशवी विसरली नसती तर डोळे मी बसवले असते आणि आई कोपऱ्यात बसून राहिली असती. याला कृपा म्हणावं की माझी डुलकी, हे मी ठरवत बसत नाही. हातातलं निसटलं तेव्हाच हात मोकळे झाले, एवढं मला समजलं, आणि कानबाई माउलीचे आणि त्या रिक्षावाल्याचे उपकार मी मनोमन मानतो. थकवा अजून आहेच. पण आता देवीच्या तोंडावरही तो पाहिलाय, त्यामुळे त्याची लाज वाटत नाही.

परवा माळ्यावरचं कापड खाली काढलं, अंथरलं, त्यावर हात ठेवला. आई कॉटवरून कान देऊन होती. बराच वेळ काहीच वाजलं नाही, तेव्हा तिला बरोबर कळलं.

"लाल कमी टाकजो," ती म्हणाली.