उशिरा सांगितलेलं खरं

२००५ साली, एका मंगळवारी, बाबांना कर्करोग असल्याचं डॉक्टरांनी मला इंग्रजीत सांगितलं. बाबा शेजारीच बसले होते. त्यांना इंग्रजी वाचता येई, पण इथले अमेरिकन उच्चार कळत नसत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"यकृताला सूज आहे," मी मराठीत म्हणाले. "औषधानं उतरेल."

संध्याकाळी नागपूरहून आईचा फोन आला, तेव्हा मी तिला सगळं खरं सांगितलं. "बरं केलंस. सांगू नकोस हं, हाय खातील ते."

बाबा शाळेत इतिहास शिकवत. आईला विमानप्रवास झेपत नसल्यामुळे ते एकटेच आमच्याकडे अमेरिकेत, कॅरी गावी आले होते. इथल्या मराठी मंडळींसमोर त्यांना सोव्हिएत संघ का कोसळला यावर बोलायचं होतं. मी लायब्ररीतून पुस्तकं आणायची आणि ते दिवसभर टाचणं काढायचे.

शेजारचे निवृत्त इंजिनिअर काका त्यांना डिवचत. "मास्तर, तेलाचे भाव पडले, तिजोरी रिकामी झाली, दुकान बंद! यावर तासभर काय बोलणार?"

"तुम्ही लोक नुसता मीटर बघता," बाबा म्हणाले. "तंगी त्यांनी आधीही काढली होती. या वेळी त्यांच्या नेत्यानं लोकांना बोलू दिलं. जुने खून, खोटे आकडे, युद्धातले मृत, सगळं बाहेर आलं. त्याला वाटलं, खरं कळलं की लोक दुरुस्तीला लागतील. लोक म्हणाले, मग आजवर आणखी काय काय खोटं होतं? पुढे त्याच्या खऱ्या शब्दावरही कुणी विश्वास ठेवेना."

काका गेल्यावर मी विचारलं, "मग त्यानं सांगायलाच नको होतं?"

"हवंच होतं. फार उशीर झाला होता, एवढंच."

मी तिथेच त्यांना कर्करोगाचं सांगून टाकलं. बाबांनी पेनाला टोपण लावलं.

"तुला केव्हापासून माहीत आहे?"

"सहा आठवडे."

"सहा आठवड्यांपूर्वी मी स्वतःच्या पायांनी विमानात चढलो असतो. तिकीट काढ. मला घरी जायचंय."

मी डॉक्टरांना विचारलं. पोटात पाणी साठत होतं. इतका लांबचा प्रवास आता जमणार नाही, असं ते म्हणाले. बाबांना मी तेच सांगितलं.

"हे डॉक्टर म्हणाले, की तू?"

मी डॉक्टरांकडून लिहून आणलं. बाबांनी कागद दोनदा वाचला. "तू सांगितलंस तसं लिहिलं असेल त्यांनी," ते म्हणाले.

भाषण त्यांनी रद्द केलं. ताप उतरलाय म्हटलं, तर थर्मामीटर मागून घेत आणि खिडकीपाशी धरून स्वतः बघत. आईचा फोन आला की मात्र आवाज चढवून बोलत. "बरा आहे गं. इथली थंडी सोसत नाही, बाकी काही नाही."

मी खरं सांगितल्यानंतर पाचव्या आठवड्यात ते गेले. पहिल्याच दिवशी सांगितलं असतं, तर ते आईपाशी पोचले असते. मुळीच सांगितलं नसतं, तर निदान माझ्या शब्दावर विसंबून गेले असते. यातलं कोणतं बरं, ते मला ठरवता आलेलं नाही.

याला तीन वर्षं झाली. त्यांना शेवटपर्यंत काहीच कळलं नाही, असं आई समजते. मी तिला काही सांगितलेलं नाही.