दुसऱ्याचा टाका

रफूवाल्या दादाचं दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. एक खुर्ची, एक दिवा, डोळ्याला लावायचं भिंग आणि रंगीत दोऱ्यांचे खोके. एकदम दोन गिऱ्हाइकं आली तर एकाने जिन्यावर बसायचं. सिगारेटने जळलेला कोट आणा, नाहीतर उंदराने कुरतडलेली शाल, चार दिवसांनी भोक कुठे होतं ते आणणाऱ्यालाही सापडत नसे.

त्याच्या उस्तादाने त्याला दोनच नियम शिकवले होते. आपला टाका दाखवायचा नाही आणि दुसऱ्याच्या टाक्याला नावं ठेवायची नाहीत. चाळीस वर्षं दादाने हे पाळलं. कुणी दुसरीकडे बिघडवून आणलेला कोट पुढे करून विचारलं, "कसं केलंय हो?" तर हा म्हणे, "त्यांची पद्धत वेगळी." शेजारचा चांभार वैतागून म्हणायचा, "तुझ्यापुढे कुणी गोणपाट ठेवून रेशीम म्हटलं, तरी तुझी पद्धत वेगळीच!"

घरात तो आणि धाकटी बहीण, दोघंच. धाकटी शाळेत शिपाई होती, घंटा वाजवायची. आवाजही घंटेसारखाच, तीन मजले ऐकू जाईल असा. तिला पोटात हर्निया झाला. इथल्या इस्पितळात नंबर आठ महिन्यांनी लागणार होता. तेवढ्यात एका एजंटाने चकचकीत पुस्तिका हातात दिली. परदेशात पाच दिवसांत ऑपरेशन आणि खाटेवरून समुद्र दिसणार.

"परक्या मुलखात पोट फाडून घ्यायचं?" दादा म्हणाला. "काही झालं तर भांडायचं कुणाशी आणि कुठल्या भाषेत?"

"माझं भांडण कुठल्याही भाषेत कळतं," असं म्हणून धाकटी गेली.

ती बाराव्या दिवशी परतली. आल्या आल्या पट्टी बाजूला करून म्हणाली, "बघ, आहे का तुझी बिशाद असं शिवायची?"

दादा वाकला. टाके सुबक होते, एका रेषेत होते. पण प्रत्येक टाक्याशेजारी आणखी एक बारीक भोक होतं, रिकामं. त्याला ते दिसायला भिंगही लागलं नाही. कापडावर असं दिसलं की त्याचा अर्थ एकच, शिवलेलं उसवून पुन्हा शिवलंय. तोंडातून मात्र सवयीने निघालं, "त्यांची पद्धत वेगळी."

दुसऱ्या दिवशी तिला ताप आला. गल्लीतल्या डॉक्टरांनी तिकडचा कागद वाचला. एकच ऑपरेशन, कुठलीही अडचण नाही. प्रवासाचा ताप आहे म्हणून त्यांनी गोळ्या दिल्या. दादा शेजारीच उभा होता. मोठ्या इस्पितळाचं काम, शिक्क्याचा कागद, समोर शिकलेला डॉक्टर, आणि आपण कोण तर जिन्याखालचे. त्याने तोंडात मिठाची गुळणी धरली. त्याला दगडाच्या काळजाचा म्हणू नका. रोज तो उशाशी बसून तिच्या कपाळावर ओली पट्टी ठेवत होता. पण माणूस ज्या नियमावर पोट भरतो, तो नियम त्याच्या हाडात जातो.

सहाव्या सकाळी धाकटीला पाण्याचा पेला उचलता येईना. तिने हाक मारली, तीही खाटेपलीकडे गेली नाही. दादाने टॅक्सी आणून तिला इस्पितळात नेलं.

तिथली सर्जनबाई तरुण होती आणि घाईत होती. तिनेही तोच कागद वाचला. "छातीत संसर्ग वाटतो. वॉर्डात घेऊ, उद्या बघू." ट्रॉली हलली. दादाने ट्रॉलीचा दांडा घट्ट धरला.

"थांबा बाई," तो म्हणाला. "हे काम वाईट आहे. हे दोनदा शिवलंय."

"कागदावर एकदाच लिहिलंय."

"कागद मला वाचता येत नाही. शिवण येते." त्याने खिशातलं भिंग तिच्यापुढे धरलं.

बाईंनी भिंग लावून बराच वेळ पाहिलं. मग धाकटीच्या कानाशी वाकून विचारलं, "ऑपरेशननंतर पुन्हा भूल दिली होती?"

"तिसऱ्या दिवशी सुई टोचली," धाकटी पुटपुटली. "दिवसभर झोपले. म्हणाले, पट्टी बदलली."

त्यानंतर ट्रॉली वॉर्डाकडे गेली नाही, स्कॅनकडे पळाली आणि तिथून थेट ऑपरेशनला. दादा बाहेर बाकावर बसला. दोन तासांनी बाई आल्या. आत रक्तस्राव झाला म्हणून तिकडे पोट पुन्हा उघडलं होतं, आणि रक्त दाबायला घातलेलं कापड आतच विसरलं होतं. त्याभोवती पू झाला होता.

"वाचतील," बाई म्हणाल्या. "उद्यावर टाकलं असतं तर अवघड होतं. तुम्हाला हे कधी दिसलं?"

खोटं बोलायला वाव होता. "पहिल्याच दिवशी," दादा म्हणाला. बाईंनी ते कागदावर लिहून घेतलं आणि त्या आत गेल्या.

धाकटी शुद्धीवर आल्यावर त्याने तिलाही सांगितलं. सांगताना तो रडला.

"आणि बोलला नाहीस?"

"उस्तादाने शिकवलं होतं..."

"मी उस्तादाची बहीण नव्हते," ती म्हणाली. "तुझी होते." तिने भिंतीकडे तोंड केलं ते दोन दिवस फिरवलं नाही. दादा सकाळी यायचा, स्टुलावर बसायचा आणि संध्याकाळी जायचा.

तिसऱ्या दिवशी सर्जनबाई जखम तपासत होत्या. धाकटी भिंतीकडे बघतच म्हणाली, "दादा, इकडे ये. काय दिसतं ते बोल."

दादाने बाईंकडे पाहिलं. टाका त्यांचा होता आणि त्या समोरच उभ्या होत्या. त्याने भिंग लावलं आणि तो वाकला.

"तिसरा टाका जास्त ओढलाय," तो म्हणाला. "कातडी पांढरी पडलीय तिथे."

बाई वाकल्या. "खरंय," म्हणाल्या, आणि त्यांनी नर्सकडे कात्री मागितली.

धाकटीने मान वळवली. "रोज यायचं," ती म्हणाली. आवाज अजून खोल होता, पण पलीकडच्या खाटेवरच्या बाईने वळून पाहिलं. "आणि रोज बोलायचं."