मामेसासऱ्यांची हरकत

इंदापूर तालुक्यातून सरकारदरबारी जितके कागद गेले असतील, त्यांतले निम्मे तरी माझ्या मामेसासऱ्यांनी मध्येच अडवले असतील, असं माझं ठाम मत आहे. उरलेले निम्मे नजरेतून निसटले, याची त्यांना अखेरपर्यंत हळहळ होती. मामेसासरे म्हणजे माझ्या बायकोचे मामा. गाव निरवांगी, शिक्षण चौथी, आणि धंदा हरकती घेणं. शेती होती, पण ती मामी बघायच्या. मी बारामतीच्या कोर्टात सनद घेऊन बसलेला वकील. काळा कोट, टेबल, पाटी, सगळं माझ्याकडे होतं. माणसं मात्र त्यांच्याकडे जायची. नव्वद-एक्याण्णव साली नुकती कुठे माझी वकिली सुरू झाली होती. कुणी दार लोटून आत आलं की मी सावरून बसायचो, आणि तो विचारायचा, "वकीलसायेब, निरवांगीचं मामा तुमचंच न्हवं का? घरी कवा घावतील?" असल्या माणसाला वर चहाही पाजावा लागायचा. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

हरकत म्हणजे काय, हे मी पुण्यात तीन वर्षं खोली घेऊन शिकलो. जमिनीच्या दप्तरी नवं नाव चढवायचं झालं की तलाठी आधी नोंद धरतो, चावडीवर नोटीस डकवतो आणि पंधरा दिवस थांबतो. कुणाला काही म्हणायचं असेल तर त्यानं त्या मुदतीत म्हणावं, तलाठ्यानं त्याला पोच द्यावी आणि मंडल अधिकाऱ्यानं दोघांना समोर बसवून निकाल करावा. एवढं समजावून सांगायला मला अर्धा तास लागे, आणि समोरचा जांभया देई. मामा तेच पानाला चुना लावता लावता सांगायचे, "हरकत म्हंजी भांडन न्हाय, बाबा. आपुन निस्तं म्हनायचं, जरा थांबा, हितं एक मानूस राहिलंय." समोरचा खूश होऊन उठायचा. मला ते वाक्य पुस्तकात कुठेच सापडलं नव्हतं, म्हणून त्याचा जास्तच राग यायचा.

मामा रोज सकाळी अंघोळ उरकून चावडीवर जात आणि भिंतीवरच्या नोटिसा वाचत. गावची नोटीस नसली तर बाजाराच्या निमित्तानं शेजारच्या गावांच्या चावड्या पालथ्या घालत. मतदारयादी लागली, हरकत. एस.टी.ची वेळ बदलली, हरकत. पुतणीच्या लग्नपत्रिकेत थोरल्या आत्याचं नाव धाकटीच्या खाली छापलं म्हणून त्यांनी छापखान्यात लेखी हरकत दिली आणि मालकाकडून पोचही घेतली. पोचेशिवाय ते जागचे हलत नसत. "तोंडी बोल्लेलं वाऱ्यावर जातं, जावईबापू. शिक्का मारल्याला कागद हालत न्हाय." एकदा त्यांनी स्वतःच्याच तंबाखूवर मामींकडून हरकत लिहून घेतली, तिची रीतसर पोच मामींना दिली आणि सुनावणीअंती स्वतःच ती फेटाळली. नगरपालिकेची 'हरकती व सूचना' अशी जाहिरात पेपरात आली की ते फक्त हरकती धाडायचे. "सूचना शान्यानं द्याव्या. हरकत कुनीबी घ्यावी." आणि या चौथी शिकलेल्या माणसाला तहसील कचेरीत बसायला खुर्ची मिळायची. मला, कोट घालूनसुद्धा, बाकावर सरकून घ्या म्हणायचे.

पुढे माझे वडील वारले. कन्हेरीला आमची थोडी बागायत आहे. वारसनोंद करायची म्हणून तलाठ्यानं नावं विचारली. आम्ही आई आणि दोघा भावांची सांगितली. धाकटी बहीण पळसदेवला दिलेली. तिचं नाव घालायचं, मग तिला बोलावून हक्कसोडपत्र करून घ्यायचं, मग ते काढायचं. त्यापेक्षा मुळात घालूच नये, असं आमच्याकडे सगळेच करत. कायदा शिकलेल्या मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही, हे आज लिहितानासुद्धा लाज वाटते. चौदाव्या दिवशी तलाठ्याचा निरोप आला, "नोंदीवर हरकत आलीया." अर्ज चार ओळींचा होता. 'वकीलसाहेबांस एक बहीण आहे. ती पळसदेवला नांदते. तिचे नाव दिसत नाही. तरी थांबावे.' खाली मामांची सही.

मी पेटलो. गावासमोर नाक कापलं गेलं, तेही बायकोच्या मामाकडून. पण मनातल्या मनात म्हटलं, आता सापडला. सुनावणीला मी भर उन्हाळ्यात कोट चढवून गेलो आणि चार पानी म्हणणं वाचलं. सार एवढंच, की हरकतदाराचा या जमिनीशी हितसंबंध काय? मामा खुर्चीवरून उठले. त्यांनी टोपी सारखी केली.

"सायेब, आमच्या आज्जानं मेंढरं राखली. वाटंनं कळप निघाला आन् एकादं कोकरू मागं राह्यलं, तर ज्यानं बघितलं त्यानं हाळी द्यायची. कोकरू कुनाचं, ते मागनं बघायचं. मी हाळी दिली. माझा हितसंबंध काय बी न्हाय."

मंडल अधिकाऱ्यांनी हरकत फेटाळली. मी जिंकलो. मग कागद मिटता मिटता त्यांनी मला सहज विचारलं, "वकीलसाहेब, बहीण आहे का?" कोर्टात मी पुष्कळ प्रश्न टोलवले आहेत. पण भरल्या चावडीत बहीण नाही असं कसं म्हणणार? "आहे," म्हणालो. त्यांनी तिचं नाव लिहायला सांगितलं. मामांनी स्वतःची हरकत फेटाळल्याची नक्कल मागून घेतली आणि घडी करून खिशात घातली.

बहिणीनं जमिनीचा एक वाफाही कधी मागितला नाही. भाऊबीजेला आली तेव्हा ओवाळून झाल्यावर एवढंच म्हणाली, "दादा, जमीन तूच कस. कागदावर मी राहिले, बास झालं. मला वाटलं हुतं, तुमी इसरलाच." मला मान वर करवेना. पण त्या दिवसापासून उजनीच्या पाण्यातले मासे घेऊन ती यायची, तेव्हा दोन पिशव्या असायच्या, आणि मोठी निरवांगीला जायची. सख्खा भाऊ मी, आणि मोठा मासा मामांना! तिच्यासाठी हाळी मी द्यायची होती. ती त्यांनी दिली, हे मला अजून खुपतं.

दोन-तीन वर्षांनी मामा गेले. बहीण अशी रडली, की त्या गर्दीतही माझ्या मनात आलं, मी गेल्यावर ही इतकी रडेल का? महिन्याभरानं मी निरवांगीच्या चावडीवर गेलो. भिंतीवर त्यांच्या वारसांची नोटीस होती. मामी, मुलगा, दोन्ही लेकी, सगळी नावं बरोबर होती. मामांनी जिवंतपणीच यादी लिहून ठेवली होती. नाव राहिलं नव्हतं कुणाचंच. फक्त त्यांच्या नावाआधी 'मयत' लिहिलं होतं. मी तलाठ्याकडून कोरा कागद मागून घेतला आणि मामांसारख्याच मोजक्या ओळी लिहिल्या. 'नोटिशीत मामांस मयत म्हटले आहे. त्यास माझी हरकत आहे. तरी थांबावे.'

तलाठ्यानं कागद वाचला, चष्मा काढला आणि हळूच विचारलं, "वकीलसाहेब, तुमचा हितसंबंध काय लिहू?"

चार-चार पानी म्हणणं लिहिणारा मी, "पोच द्या," एवढंच म्हणालो.

त्यानं निमूट शिक्का मारून दिली. हरकतीवर सुनावणी व्हायला हवी होती, वकील म्हणून मला ते ठाऊक आहे. ती झाली नाही, आणि मीही पाठपुरावा केला नाही. पंधरा दिवस संपले आणि नोंद मंजूर झाली.